शेवटची खेप

थंडीने खोबरेल तेल पार गोठलं होतं. वृंदाने घाण्यावरून आणलेला तेलाचा डबा गरम पाण्यात ठेवला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. तेल पातळ झालं की त्यात खायचा सोडा आणि लवंगेची पूड कालवायची. घरात टूथपेस्टची प्लास्टिकची ट्यूब नको, म्हणून तीन वर्षं ती दर रविवारी हा उद्योग करत होती. आज मात्र हात उचलत नव्हता.

सकाळीच नवऱ्याच्या बॅगेत बाजारची ट्यूब सापडली होती. लेकीने तर आपणहून कपाट उघडून स्वतःची ट्यूब दाखवली होती. "आई, तुझी खारट लागते गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही इतके दिवस."

मग पेस्टची बरणी दर आठवड्याला रिकामी कशी होत होती, हे विचारायचंही तिच्यात त्राण नव्हतं. ही शेवटची खेप, असं ठरवून तिने पेस्ट कालवली आणि जुनी बरणी आणायला ती बेसिनपाशी गेली.

तिथे सासरे उभे होते. त्यांची कवळी शेजारच्या वाटीत पाण्यात पडली होती. बरणीच्या तळाची उरलीसुरली पेस्ट बोटाने निपटून ते आपल्या बोळक्या हिरड्यांवर मन लावून चोळत होते.

"नाना, तुम्ही?"

नानांनी सावकाश चूळ भरली आणि रिकामी बरणी तिच्या हातात दिली.

"पुढच्या खेपेला लवंग जरा कमी घाल," ते म्हणाले. "हिरड्यांना फार झोंबते."