शेवटचा जरा लांब

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबांना नवीन गोळी सुरू झाली आणि तिच्यावर कोरडा खोकला फुकट मिळाला. दोन आखूड, एक लांब. घरी कुणी आलं की बाबा आत जाऊन उशीत तोंड खुपसून खोकायचे.

मी नकला बऱ्या करतो. एकदा जेवताना ताईला तो खोकला करून दाखवला, उशीसकट. हसून हसून तिला ठसका लागला. माझ्या मागे बाबा पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते.

"शेवटचा जरा लांब असतो," एवढंच म्हणून ते आत गेले.

पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली. खोकला गेला. माफी मागायची मात्र माझी हिंमत होईना.

आठवड्याने बाबा फिरायला गेलेले असताना त्यांच्या खोलीतून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

"पुरे रे मेल्या, लाज वाटू दे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मी दात घासत होतो. फेसाळलेलं तोंड तिला नेऊन दाखवलं.

"तोंडात ब्रश घालूनही जमतं?" ती म्हणाली.

मग तो खोकला रोज यायला लागला, रोज थोडा जवळून.

आज सकाळी मी धीर करून बाबांसमोर बसलो. ते पेपर वाचत होते.

"बाबा, त्या दिवशी मी..." मी ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधून खोकला आला. दोन आखूड. मग लांब.

बाबांनी पेपर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"आता जमलं," ते म्हणाले.

माझे ओठ मिटलेलेच होते, आणि तो शेवटचा अजून संपत नव्हता.