कुरणातली हरतालिका

"पान तोडाचं नाई म्हंजे नाई!"

राखीव कुरणाच्या फाटकात काठी आडवी धरून चंद्रभान ओरडला. समोर हरतालिकेचा उपास धरलेल्या गावातल्या बायका. हातात पूजेची ताटं, डोक्यावर वाळूच्या टोपल्या. आणि सगळ्यांच्या पुढे त्याची स्वतःची बायको, पंचफुला.

पिंडीवर वाहायची पत्री बायका दर वर्षी आष्टीजवळच्या याच माळावरून नेत. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होती; यंदा तिथल्या सरकारनं तारा ठोकल्या आणि चंद्रभानला रखवालदार नेमलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. नागपूरच्या साहेबांना इथला एक दुर्मिळ वेल हवा होता, कंदिलासारख्या फुलाचा. साहेब आज येणार होते. वेल दिसला तर कुरण राहणार, नाही तर नांगराखाली जाणार आणि चंद्रभानची नोकरीही त्याच्यासोबत. बिचाऱ्यानं महिनाभर कमरेएवढं गवत पालथं घातलं. कुणाला विचारलं मात्र नाही. बायकांना कळलं तर त्या नेमका तोच तोडतील, ही त्याची खात्री. घरातसुद्धा त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

"अजी, मंग देवाले पानाबिगर पुजू काय?" पंचफुला म्हणाली.

"माही नोकरी जाईन ना व!"

तिनं फाटकाकडे बोट केलं. "तोडाले मनाई हाय. आत याले त नाई ना?"

चंद्रभाननं फाटकावरची पाटी पुन्हा वाचली. आत येण्याबद्दल तिच्यावर काहीच नव्हतं. त्यानं काठी बाजूला घेतली.

पत्री देवाकडे जात नव्हती, तर देवच पत्रीकडे निघाला. पंचफुला सरळ एका बोरीच्या झुडपाशी गेली. तिथं तिनं वाळूची पिंडी केली. बोरीवर चढलेला नाजूक वेल अलगद वाकवला आणि देठ न तोडता त्याचं पान पिंडीला टेकवलं. बायकांनी गाणी धरली.

तेवढ्यात जीप आली. "मेलो," म्हणत चंद्रभान धावला. पण साहेब त्याला ओलांडून तरातरा पुढे गेले आणि पिंडीसमोर गुडघ्यांवर बसले. साहेब एवढे भाविक असतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला भरूनच आलं.

"जोडे काढा साहेब," म्हणत म्हाताऱ्या लीलाबाईनं त्यांच्या हातात अक्षता दिल्या.

साहेबांचं पिंडीकडे लक्षच नव्हतं. त्यांची नजर वेलावरच्या इवल्याशा फुलावर खिळली होती.

"हाच तो! अरे, हाच तो वेल! चंद्रभान, एवढ्या गवतात सापडला कसा तुला?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! चंद्रभान बायकोकडे वळला. तिनं पदर सावरला.

"साहेब, दर साली पयले याचंच पान तोडतो आमी, फुलासकट. यंदा यायनं तोडू देलं नाई, म्हणून फूल दिसलं तुमाले."