रोझलीनच्या गाडीची दारं

रोझलीनने दार लोटलं. ते चौकटीवर आपटलं, थरथरलं आणि पुन्हा सताड उघडं पडलं. शेडच्या तोंडाशी उभा असलेला तिचा धाकटा भाऊ ऑस्टिन हसला नाही, त्याने फक्त मागे वळून टेम्पोवाल्याला हात केला.

"बस झालं आता, बाय. सोनू, टेम्पो मागं घे."

सोनू नालासोपाऱ्याहून भंगार न्यायला आला होता. भंगार म्हणजे रोझलीनची गाडी. लाल, बुटकी, दोन सीटांची, डोक्यावर छप्पर नसलेली, परदेशातल्या कुठल्याशा जुन्या शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. पाचूबंदरच्या होड्यांना फायबर चढवता चढवता रोझलीनने त्याच हातांनी ही उभी केली होती. इंजिन लागलं, चाकं लागली, रंग लागला. दारं तेवढी लागेनात. आणि ईस्टरच्या जेवणात ऑस्टिनने चारचौघांसमोर सांगून ठेवलं होतं, "मे महिन्यात दारं लागली तर मी परत तोंड उघडनार नाय. नाय लागली तर गाडी भंगारात. शेड मला जाळ्यांना पायजे." आज मे महिन्याचा शेवटचा रविवार होता.

"होडीला दार असतं का कधी?" तो आता म्हणाला. "मग तुला जमनार कसं? सगला गाव हसतोय."

"हसू दे. दात आहेत तर हसतील."

बोलली खरी, पण तिची कानशिलं तापली होती. गाडी टेम्पोत चढली असती तर तिला रडू आलं असतं, आणि ऑस्टिनसमोर रडण्यापेक्षा तिने टेम्पोपुढे आडवं पडणं पसंत केलं असतं.

ती दारापाशी उकिडवी बसली. दारातलं लॉक चौकटीतल्या खुंटीच्या बोटभर खाली येत होतं. काल गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती तेव्हा लॉकचे दोन्ही खटके कसे टक टक बसत होते! चाकांवर उतरवली आणि गाडीचं पोट मधोमध खाली झुकलं. घोडं इथे पेंड खात होतं तर!

तिने कपाळावर हात मारून घेतला. होडीचं इंजिन कधी कोणी वाळूवर जुळवतं का? होडी पाण्यात उतरवायची, माणसं चढवायची, बर्फ भरायचा, तिला बसायचं तेवढं बसू द्यायचं आणि मगच नट आवळायचे. होड्या चालवणाऱ्या तांडेलांच्या पोरांना ती हेच ओरडून ओरडून सांगत आली होती. आणि स्वतःच्या गाडीची दारं मात्र या शहाणीने रिकाम्या गाडीत, ठोकळ्यांवर जुळवली होती.

"सोनू, स्टेअरिंगला बस. ऑस्टिन, तू ह्या बाजूला."

"मी कशाला?"

"गाडीत वजन पायजे. एकदाच बस. नाय लागली दारं तर मी सोता धरून टेम्पोत चढवते."

सोनू तर एका उडीत आत गेला. "एक नंबर, ताई! फोटो काढू का?" ऑस्टिन चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेहून तसाच इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. पँट सावरत, पोट सांभाळत तो हळूहळू सीटमध्ये उतरला, तशी गाडीही त्याच्याबरोबर उतरली. रोझलीनने खुंट्यांचे नट सैल केले, खुंट्या खाली सरकवल्या, पाना फिरवला.

"हलू नको."

"श्वास घेऊ का नको?"

"हलूच घे."

आधी तिने सोनूच्या बाजूचं दार लोटलं. टक. टक. मग वळसा घालून ऑस्टिनच्या बाजूचं. पहिला खटका बसला. दुसऱ्यासाठी तिने दाराला नुसता गुडघा लावला आणि तोही बसला. तिने दार धरून गदागदा हलवलं. ते ढिम्म हललं नाही.

"लागलं," ऑस्टिन पुटपुटला. "बरं. उघड आता."

"बाहेरून मूठच नाय ह्या गाडीला. आतून उघडायची दोरी अजून लावायचीय."

ऑस्टिनने दाराची वरची कड धरून स्वतःला उचललं. अर्धा उठला आणि होता तिथेच परत बसला. सोनू मात्र हसत दारावरून पलीकडे उतरला. रोझलीनने ओढणी कमरेला खोचली, दारावरून पाय टाकला आणि स्टेअरिंगमागे बसली. बावन्नाव्या वर्षी असा पाय टाकला म्हणून आईने चार शिव्या घातल्या असत्या. तिला फार बरं वाटलं.

"सोनू, टेम्पो बाजूला घे रे."

सुकत घातलेल्या बोंबलांच्या मधून गाडी निघाली. चर्चसमोर मोठा स्पीडब्रेकर आहे. दुसरी मिस्सा नुकतीच सुटली होती, माणसं पायऱ्यांवर घोळक्याने उभी होती. रोझलीनने ब्रेक लावला नाही. गाडी उडाली, आपटली, ऑस्टिनने डोळे गच्च मिटले. दोन्ही दारं जागची हलली नाहीत.

"अगो रोझी, लागली का दारं?" पायरीवरून ॲंजेलामावशी ओरडली. "आनि ह्यो ऑस्टिन कसा तुज्या गाडीत?"

ऑस्टिनने तोंड उघडलं. बहिणीकडे पाहिलं. आणि मिटलं.

"वजनाला घेतलाय!" रोझलीन सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, आणि दुसऱ्या फेरीसाठी तिने गाडी पुन्हा त्याच स्पीडब्रेकरवर घातली.