कधीच खरी न होणारी अट

किर्गिझस्तानातल्या बातकेनच्या जर्दाळू बागांसाठी कुबातने एक फुकटचा प्रोग्रॅम लिहिला होता. पारा शून्याखाली गेला की बागेतल्या छोट्या यंत्राचा भोंगा वाजणार आणि बागवान शेकोट्या पेटवून मोहोर वाचवणार. यंत्रं यंदा पहिल्यांदाच बागांत लागली होती.

त्या संध्याकाळी बिश्केकच्या ऑफिसात त्याची सहकारी आयपेरी हिने कंपाइलरचे, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवताना चुका दाखवणाऱ्या साधनाचे, कुबातने बंद ठेवलेले इशारे सुरू केले.

"कुबातदादा, पारा शून्याखाली गेल्याची जी अट आहे ना, 'ही अट कधीच खरी होणार नाही' म्हणतोय हा कंपाइलर."

"कुरकुरायची खोडच आहे त्याला. माझ्या लॅपटॉपवर भोंगा मस्त बोंबलतो!"

"लॅपटॉपवर बोंबलेल. पण बागेतल्या यंत्राला आपण लिहिलेला उणे आकडा कळतच नाही. उणे तीन अंश तिथं दोनशे त्रेपन्न होतात!"

कुबातचं हसू मावळलं. बातकेनला दुपारपासून बर्फ पडत होता. त्याने घाईघाईने तिथल्याच गावी बाग सांभाळणाऱ्या वडिलांना फोन लावला.

"बाबा, शेकोट्या पेटवा! आत्ताच्या आत्ता!"


"पेटवल्या होत्या की," वडील निवांतपणे म्हणाले, "पण तुझा भोंगा काही वाजेना, म्हणून मघाशीच पाणी ओतून विझवल्या."