पंगत उठेना

नातवाच्या मुंजीत टेबलखुर्च्या मांडलेल्या पाहून त्र्यंबकराव सगळ्यांदेखत लेकीच्या सासऱ्यांना म्हणाले होते, "व्याहीबुवा, मुंज आहे की हॉटेल? आम्ही अजून मांडी घालून जेवतो म्हटलं!" व्याह्यांनी मुकाट्याने पाट मांडून घेतले.

आता जेवणं आटोपली होती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्र्यंबकरावांचे पाय संपावर गेले होते. त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला. पाट हलला, त्र्यंबकराव हलले नाहीत. वडीलधारं माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही, त्यामुळे चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत खरकटे हात वाळवत बसली होती. दुसरी पंगत दारात ताटकळली होती.

"वाढ गं थोडा ताकभात," ते लेकीला म्हणाले.

"बाबा, चौथ्यांदा?"

"ताक फर्मास झालंय."

तेवढ्यात व्याही पुढे आले. "मंडळी, मानाच्या पाहुण्याला यजमानाने हात धरून उठवायचं, ही आमच्या घरची रीत बरं का!" असं खणखणीत सांगून त्यांनी त्र्यंबकरावांना दोन्ही हातांनी उभं केलं. अशी रीत त्या घरात कधीच नव्हती, हे लेकीच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

हात धुताना त्र्यंबकरावांची मान वर होईना. "व्याहीबुवा, मघाशी मी ते टेबलाचं बोललो, ते..."

व्याही त्यांच्या हातावर पाणी घालत हळूच म्हणाले, "काय म्हणालात? हल्ली मला ऐकूच येत नाही हो."