पाचवं ‘का’

फुसाएच्या टेबलावर आलेल्या ओतीव तुकड्याच्या कडेला पिवळ्या सुताचा एक धागा अडकला होता. धागा हातमोज्याचा होता. मोजा तिच्या नवऱ्याचा होता.

तिने काचेपलीकडे पाहिलं. तादाओ ग्राइंडरवर वाकून पुढच्या तुकड्याची धार घासून काढत होता. मोज्याचं एक टोक उडालं होतं आणि उघडं बोट चाकापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं लांब होतं. त्याला पत्ता नव्हता.

मिकावा प्रांतातल्या त्या ओतशाळेत त्या कोपऱ्याला सगळे ‘नरक’ म्हणत. ठिणग्या, काळी धूळ, कान फाटतील असा आवाज. ‘स्वच्छता म्हणजेच सुरक्षितता’ अशी पाटी तिथे लावलेली होती. काजळीमुळे ती वाचता येत नसे.

पुढचं टेबल म्हणजे गिऱ्हाईक, असा कारखान्याचा नियम. त्या हिशेबाने माल तपासणारी फुसाए ही नवऱ्याचं गिऱ्हाईक झाली. घरी ‘अगं’वर भागवणारा तादाओ इथे रोज सकाळी कमरेत वाकून, आडनावाला आदराचं ‘सान’ जोडून म्हणे, “आज खराब माल येणार नाही, कामिया-सान.” तीही वाकून म्हणे, “कृपा असू द्या, कामिया-सान.” मग दिवसभर दोघं एकमेकांशी बोलत नसत. लोक त्यांना आदर्श जोडपं समजत.

खराब माल दिसला की डोक्यावरची लाल दोरी ओढायची. लाईन थांबते, फोरमन येतो, कारण मुळापासून उपटतो. दुसऱ्याची चूक गुपचूप निस्तरणं हे मात्र महापाप. फुसाएच्या एप्रनच्या खिशात गेले काही आठवडे एक छोटी कानस होती. नवऱ्याने मागे ठेवलेली धार ती हळूच घासून टाके आणि तुकडा पुढे सरकवी. सुरक्षेची शपथ मोठ्याने म्हणणाऱ्यांत तिचाच आवाज सगळ्यांत वर असे.

दोरी ओढली तर तादाओची रवानगी रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये, खोक्यांना लेबलं लावायला. “आपला हायाशी आता लेबलं लावतो,” हे तो जुन्या सोबत्याची निधनवार्ता सांगावी तसं सांगत असे. पण काल रात्री त्याने जेवणाच्या काड्या सोडून टोफू चमच्याने खाल्ला होता. तिने ‘का’ असं विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं.

फुसाएने कानस टेबलावर ठेवली आणि दोरी ओढली.

इशारा म्हणून बालवाडीतलं एक गाणं वाजू लागलं. लाईन थांबली. फोरमन सुगिउरा धावत आला आणि त्याने आधी बटण दाबून गाणं बंद केलं. पहिलं कडवं संपायच्या आत ते बंद करायचं, हा त्याचा अभिमान होता. पुढचं गाणं कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्याने रिवाजाप्रमाणे टोपी काढून दोरी ओढल्याबद्दल तिचे आभार मानले. नंतर धागा पाहिला, कानस पाहिली आणि तादाओला बोलावून घेतलं. ग्राइंडर धरायला तो तादाओकडूनच शिकला होता. पण नियम तो नियम. पाच वेळा ‘का’ विचारायचं.

“धार का राहिली?” मोजायला त्याने अंगठा मिटला.

चाक नीट दाबलं गेलं नाही, असं तादाओ म्हणाला.

“का?”

तादाओने फाटका मोजा पाठीमागे नेला. फुसाएनेच सांगितलं, “बोटं पांढरी पडतात यांची. सुन्न होतात. काल टोफू चमच्याने खाल्ला.”

“घरचं इथे आणू नये, कामिया-सान,” तादाओ म्हणाला.

“इथलं घरी येतं, ते चालतं?”

तादाओने विचारलं, “तो चमचा ताटाशी ठेवला कोणी होता?”

फुसाएने कानस उगाच सरळ केली.

हे आधी का बोलला नाहीत, हे तिसरं ‘का’. लेबलांवर पाठवाल म्हणून, हे उत्तर. सुगिउराचं मधलं बोट मिटलं. मग त्याचा आवाज थोडा उतरला.

“या कोपऱ्यात कोणी यायला तयार नाही, दादा. यांत्रिक हात बसवणारा जागा बघून गेला, तोसुद्धा परत फिरकला नाही. तुम्हालाच का सोडवत नाही?”

“माझ्याआधी इथे जो होता, तो धार ठेवायचा,” तादाओ म्हणाला. “त्या धारेने हिचा तळवा चिरला होता.”

कारखान्यात ‘कामिया-सान’ सोडून त्याने तिला दुसरं काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आजूबाजूचे सगळे एकदम आपापल्या यंत्रांना तेल घालू लागले.

सुगिउराने चौथं बोट मिटलं. करंगळी तेवढी वर राहिली. त्या बोटाकडे त्याने पाहिलं आणि पाचवं ‘का’ न विचारताच हात खिशात घातला.

ज्या यांत्रिक हाताला वर्षानुवर्षं जागा मिळत नव्हती, त्याला त्या कोपऱ्यात आठवड्याभरात मिळाली. लेबलं तादाओच्या नशिबी आलीच. पण सुगिउराने लेबलांचं टेबल शेडमधून उचलून लाईनवरच मांडलं, फुसाएच्या पुढे. आता तिचं गिऱ्हाईक तादाओ.

पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीआधी गाणं वाजलं. तादाओने जन्मात पहिल्यांदा दोरी ओढली होती. सुगिउरा धावत आला, टोपी काढली, आभार मानले. तादाओने तुकडा गंभीरपणे पुढे धरला. फुसाएच्या तपासणीची पिवळी खूण त्यावर नव्हती.

“का?” सुगिउराने फुसाएला विचारलं.

“मी तिकडे बघत होते,” ती म्हणाली.

तिकडे तादाओ पुन्हा जिभेचं टोक दातांत धरून एक लेबल सरळ लावायला बसला होता.

सुगिउराने करंगळी मिटली. बटणापाशी तो उभा होता, पण त्याने ते दाबलं नाही. गाण्याचं दुसरं कडवं कारखान्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.