अठ्ठेचाळिसावा भाग

वाईट सिनेमांची टर उडवणारी ती मराठी मालिका बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तरी तिचे चाहते व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तेच विनोद नव्याने सांगत. कुवेतमधल्या सालमियात राहणारी योगिनी त्या ग्रुपवर फक्त अठ्ठेचाळिसावा भाग मागायला आली होती. त्या भागात तिचे बाबा स्टुडिओतल्या प्रेक्षकांत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले होते. ते गेल्यावर त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"चेहरा आठवतो गं, हसणं आठवत नाही," आई हल्ली रोज म्हणायची.

अनोळखी लोकांना हे काय सांगायचं, म्हणून योगिनीने कारण लिहिलं नाही.

कुवेतमधल्याच सुलैबियातल्या सर्फराजभाईंकडे त्या भागाची एकमेव कॅसेट निघाली, तीही बुरशी लागलेली. ग्रुपमधल्या चौघांनी तीन महिने खपून ती कॉम्प्युटरवर उतरवली. शुक्रवारी सर्फराजभाईंचा फोन आला.

"पाठवलाय बघा, ताई. कॅसेट तुटली शेवटी, पण भाग एकदम चकाचक!"

योगिनीने आईला जवळ बसवलं आणि आवाज पूर्ण वाढवला. विनोद झाला. पडद्यावर बाबा मान मागे टाकून हसू लागले.

आवाज आलाच नाही.

तिने सर्फराजभाईंना मेसेज करून विचारलं, "प्रेक्षकांचा आवाज?"

उत्तर लगेच आलं.

"तो गोंगाट काढायलाच दोन महिने गेले, ताई! जुनी फाइल पुसून टाकलीय, चुकून कुणाकडे तसलं खराब काही जायला नको."